खेळ थांबवणारे बटण

पनवेलहून भरून येणारी सकाळची लोकल सानपाड्याला पोहोचते तेव्हा बसायला जागा मिळणे हा नशिबाचा भाग असतो. मिळालीच, तर सीएसएमटीपर्यंत पाऊण तासाहून थोडा अधिक वेळ हाताशी राहतो. या वेळात पूर्वी वर्तमानपत्राच्या घड्या उलगडत, मांडीवर ब्रीफकेस ठेवून पत्त्यांचे डाव पडत. आता बहुतेकांच्या हातात मोबाइल असतो. आणि अलीकडे एखाद्याच्या हातात त्याहून बरेच जाड, दोन्ही बाजूंना मुठी आणि मधोमध सात-आठ इंचांचा पडदा असलेले यंत्र दिसते. लांबून ते मुलांचे खेळणे वाटते, पण असतो तो पूर्ण संगणक. याला हँडहेल्ड म्हणतात.

आसुस कंपनीचा आरओजी ॲलाय भारतात जुलै २०२३ मध्ये ६९,९९० रुपयांना आला, पुढच्या वर्षी लेनोवोचा लिजन गो आला. या यंत्रांची लाट ज्याने आणली तो व्हॉल्व्ह कंपनीचा स्टीम डेक फेब्रुवारी २०२२ मधला. कंपनीने तो भारतात अधिकृत विक्रीला आणला नाही, त्यामुळे तो अमेरिकेहून येणाऱ्या मामाच्या बॅगेतून किंवा आयात करणाऱ्या दुकानदाराकडून येतो. विकत घ्यायचे ठरले की घरातला जाणकार, म्हणजे बहुधा भाचा किंवा ऑफिसातला सहकारी, एकच प्रश्न विचारतो : विंडोजवाला घ्यायचा की स्टीमओएसवाला?

हा प्रश्न तांत्रिक मानला जातो. वेग कशात जास्त, बॅटरी कशात टिकते, गेम कशात जास्त चालतात, एवढ्यावर त्याचा निकाल लागतो. पण डोळे, झोप आणि अंगठा या तिघांचाही या निवडीशी संबंध आहे. गेममुळे होणारे बहुतेक त्रास खेळल्याने कमी आणि वेळेवर न थांबल्याने जास्त होतात. आणि किती सहज थांबता येईल, हे बऱ्याच अंशी ऑपरेटिंग सिस्टिम ठरवते.

आधी ही भानगड थोडक्यात. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे यंत्राचे भाग आणि त्यावर चालणारे प्रोग्रॅम यांच्यामधला कारभारी. संगणकावरचे बहुतेक गेम विंडोज या कारभाऱ्याची भाषा गृहीत धरून लिहिलेले असतात. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये आणलेला ‘राजी’ हा गेमही गेम कन्सोलसाठी आणि विंडोजसाठी बनला. स्टीमओएस मात्र लिनक्सवर उभी आहे. तिथे विंडोजचे गेम चालवण्यासाठी व्हॉल्व्हने २०१८ मध्ये ‘प्रोटॉन’ नावाचा दुभाष्या आणला. गेम विंडोजच्या भाषेत मागणी करतो, प्रोटॉन ती लिनक्सला समजेल अशा भाषेत सांगतो. हे काम इतके झटपट होते, की हजारो गेम खेळणाऱ्याला फरक जाणवू न देता चालतात. मे २०२५ पासून स्टीमओएस लेनोवोच्या लिजन गो एस या यंत्रासाठीही अधिकृतपणे मिळू लागली आणि एएमडीच्या चिपवरच्या इतर काही हँडहेल्डवरही ती बसवता येते. म्हणजे आता निवड यंत्र घेतानाच संपत नाही, घेतल्यावरही करता येते.

आता मुख्य मुद्दा. स्टीम डेकवर गेम चालू असताना वरचे पॉवरचे बटण एकदा दाबले की पडदा काळा होतो, पंखा थांबतो, गेम होता त्या क्षणी मेमरीत गोठून राहतो. तलवार उगारलेली असेल तर उगारलेलीच. पुन्हा बटण दाबले की काही सेकंदांत ती खाली येते. सेव्ह करण्याची वाट पाहायची नाही, मेन्यू शोधायचा नाही. कुर्ला आले, चेंबूरला जागा सोडावी लागली, आईने जेवायला हाक मारली, एक बटण पुरते.

याचे महत्त्व ज्यांच्या घरात दहा-पंधरा वर्षांचे मूल आहे त्यांना वेगळे सांगायला नको. “बंद कर” आणि “अगं, सेव्ह तर होऊ दे” हा संवाद रोज रात्री होत असतो. मूल दर वेळी खोटे बोलत असते असे नाही. अनेक गेममध्ये प्रगती ठरावीक ठिकाणीच जतन होते, मध्येच सोडले तर वीस मिनिटांची मेहनत वाया जाते. मेंदूला अर्धवट काम सोडवत नाही, आणि जवळ आलेले बक्षीस सोडणे तर त्याहून जड जाते. अशा वेळी आपण इच्छाशक्तीच्या गप्पा मारतो. प्रत्यक्षात थांबण्याची किंमत वीस मिनिटांवरून शून्यावर आणली, तर त्याच मुलाची तीच इच्छाशक्ती पुरेशी ठरू शकते.

विंडोजवर हे बटण असतेच, पण ते तितके भरवशाचे नाही. विंडोज लॅपटॉपसाठी आणि मेजावरच्या संगणकासाठी घडलेली आहे. तिची झोप ‘सावध’ प्रकारची असते : पडदा बंद असतानाही ती अधूनमधून उठून अपडेट पाहते, नेटवर्कशी बोलते. झोपवलेला हँडहेल्ड बॅगेत आपोआप जागा होऊन तापला, बॅटरी रिकामी झाली, किंवा जागे केल्यावर गेम बंद पडलेला होता, या तक्रारी जुन्या आहेत. एकदा असा अनुभव आला की खेळणारा बटणावर विश्वास ठेवत नाही. तो ‘नीट’ थांबायची जागा येईपर्यंत खेळत राहतो, आणि ती जागा रात्री एकला येते. यावर एक साधा उपाय आहे. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये जाऊन बटणाला ‘स्लीप’ऐवजी ‘हायबरनेट’चे काम द्यावे. जागे व्हायला थोडा वेळ जास्त लागतो, पण यंत्र खरोखर बंद होते. मायक्रोसॉफ्टलाही ही अडचण ठाऊक आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या आरओजी एक्सबॉक्स ॲलायवर डेस्कटॉप बाजूला ठेवून थेट गेमच्या पडद्यावर सुरू होणारी विंडोज त्यांनी दिली, ती याच दिशेने.

दुसरा फरक झोपेच्या दृष्टीने आणखी मोठा आहे, पण तो उणीव म्हणून सांगितला जातो. स्टीमओएसवर काही गेम चालत नाहीत, असे दुकानदारही सांगतो. कोणते चालत नाहीत हे पाहिले तर डॉक्टरला त्यात रस वाटावा अशी यादी निघते : फोर्टनाइट, व्हॅलोरंट, लीग ऑफ लीजंड्स, कॉल ऑफ ड्यूटीचे नवे भाग. ॲपेक्स लीजंड्स आधी चालत असे, ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस कंपनीने लिनक्सचे दार बंद केले. कारण एकच. हे सगळे अनोळखी माणसांशी इंटरनेटवर होणारे सामने आहेत. त्यांत लबाडी करणारे प्रोग्रॅम पकडण्यासाठी कंपन्या पहारेकरी ठेवतात, आणि यांतले बरेच पहारेकरी ऑपरेटिंग सिस्टिमच्या अगदी गाभ्यात बसतात. विंडोजमध्ये ते बसू शकतात. लिनक्सचा गाभा कुणालाही बदलता येतो, म्हणून कंपन्यांना तिथे भरवसा वाटत नाही.

योगायोग असा, की न थांबवता येणारे खेळही हेच. व्हॅलोरंटचा एक सामना अर्धा ते पाऊण तास चालतो. मध्येच सोडला तर संघातले चौघे अडचणीत येतात, सोडणाऱ्याला पुढचे सामने काही काळ नाकारले जातात. इथे बटण दाबून गेम गोठवता येत नाही, कारण गेम हातातल्या यंत्रात नाही, दूरच्या सर्व्हरवर चालू आहे आणि तो कुणासाठी थांबत नाही. साडेदहाला ‘शेवटचा’ म्हणून सुरू केलेला सामना सव्वाअकराला संपतो. हरला तर हारून झोपायचे कसे, म्हणून आणखी एक. जिंकला तर मग प्रश्नच नाही.

झोप बिघडण्याचे कारण म्हणून पडद्याच्या निळ्या प्रकाशाचे नाव सर्रास घेतले जाते. प्रकाशाचा परिणाम आहे, मेलाटोनिन हे झोपेची चाहूल देणारे संप्रेरक त्याने लांबते. पण हातभर अंतरावरच्या लहान पडद्याचा प्रकाश खोलीतल्या ट्यूबलाइटपुढे फार मोठा नसतो. पडदा पिवळसर करून रात्रभर सामने खेळणाऱ्याची झोप सुधारत नाही. झोप उडते ती सामन्यातल्या तणावाने. नाडी वाढते, ॲड्रेनॅलिन वाढते, तळहात ओले होतात, आणि सामना संपल्यावर हे सारे निवळायला वेळ लागतो. अकरा वाजता बंद केलेल्या पडद्यानंतर मूल बारापर्यंत कूस बदलत राहते. तेरा ते अठरा या वयात आठ ते दहा तासांची झोप हवी असते. राज्य सरकारने २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊनंतर भरवण्याचा निर्णय घेतला, आठवी-नववीच्या मुलाला ती सवलत नाही. सातच्या शाळेसाठी सहाला उठणाऱ्याचे गणित घरोघरी ज्याचे त्याने करून पाहावे.

म्हणून एखाद्या आईने “त्याला ते बंदुकीचे ऑनलाइन सामने मिळू नयेत असे काही आहे का?” असे विचारले, तर स्टीमओएस हे त्याचे अर्धेमुर्धे उत्तर आहे. अर्धेमुर्धेच, कारण व्हॉल्व्हचे स्वतःचे डोटा २ आणि काउंटर-स्ट्राइक २ लिनक्सवर उत्तम चालतात, आणि ते सामनेही तितकेच लांब व तितकेच चिकट आहेत. शिवाय त्याच मुलाच्या मोबाइलवर बीजीएमआय असतो, त्याचा या सगळ्याशी संबंध नाही.

गोठवण्याच्या बटणालाही दुसरी बाजू आहे. जे सहज थांबते ते सहज सुरूही होते. चालू व्हायला पाच मिनिटे लागणाऱ्या संगणकाकडे माणूस पाण्याचा घोट घ्यायला उठल्यावर वळत नाही, उशीखालच्या हँडहेल्डकडे वळतो. प्रौढांच्या बाबतीत हा धोका मुलांपेक्षा जास्त दिसतो, कारण त्यांना कुणी “बंद कर” म्हणत नाही. दिवसभर घर, लोकल, नोकरी यांत स्वतःसाठी मिळाला नाही तो वेळ रात्री वसूल करण्याची वृत्ती हल्ली तिशी-चाळिशीत फार आहे. तेव्हा गाडीत खेळायचे असेल तर हे बटण वरदान आहे, अंथरुणात असेल तर नाही. चार्जर झोपायच्या खोलीबाहेर ठेवणे हा यावरचा अगदी गावठी उपाय, आणि तो लागू पडतो. ही यंत्रे फार भुकेली असतात. स्टीम डेकच्या पहिल्या आवृत्तीत ४० वॉट-तासांची बॅटरी आहे. जड गेम वीस वॉट खात असेल तर दोन तासांत खेळ आटोपतो.

चाळिशीचा विषय निघालाच आहे, तर डोळ्यांकडे वळू. लहानपणी ब्रिक गेमवर ठोकळे रचलेली पिढी आता स्वतःच्या पैशाने हँडहेल्ड घेते आहे, आणि नेमकी याच वयात चाळिशी लागते. स्टीम डेकवर नीट चालणाऱ्या गेमना व्हॉल्व्ह ‘व्हेरिफाइड’ असा शिक्का देते. त्याची एक अट अक्षरांची आहे : सर्वांत लहान अक्षर किमान नऊ पिक्सेल उंच असावे आणि साधारण ३० सेंटिमीटरवरून वाचता यावे. डेकच्या सात इंची पडद्यावर नऊ पिक्सेल म्हणजे एक मिलिमीटरहून किंचित जास्त. ३० सेंटिमीटरवरून हे अक्षर डोळ्यात सुमारे बारा मिनिटांचा कोन करते (इथे मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग). दृष्टी तपासण्याच्या तक्त्यावर निरोगी डोळ्याने वाचायची ६/६ ची ओळ पाच मिनिटांची असते. म्हणजे डेकवरचे हे अक्षर त्याच्या जवळपास अडीच पट. ओळखू येण्याच्या मर्यादेहून दोन-तीन पट मोठे अक्षर असले तरच माणूस तासभर विनात्रास वाचू शकतो, तेव्हा तरुण डोळ्याला ही अट पुरेशी आहे, पण फार उदार नाही.

विंडोजच्या डेस्कटॉपवर अशी काही अट नाही. सात इंची फुल एचडी पडद्यावर सगळे दीडपट मोठे करून पाहिले तरी मेन्यूतल्या लहान इंग्रजी अक्षराची उंची पाऊण मिलिमीटरच्या आसपास राहते, कोन आठ-साडेआठ मिनिटांचा. आपल्या हातातल्या या वर्तमानपत्राचे अक्षर सहज त्याच्या दुपटीचे असेल. मग माणूस काय करतो? यंत्र जवळ आणतो, मान पुढे काढतो, डोळे बारीक करतो. हलत्या गाडीत तर हे सगळे आणखी वाढते. एकटक पाहताना पापण्यांची उघडझाप निम्म्याहून कमी होते, अश्रूंचा थर सुकतो, डोळे चुरचुरतात, आणि दुपारपर्यंत डोके धरते. अशी डोकेदुखी घेऊन आलेल्या प्रत्येकाला स्कॅनची गरज नसते. चाळिशी ओलांडलेल्याने आधी जवळचा नंबर तपासून घ्यावा, आणि विंडोजच घ्यायची असेल तर डेस्कटॉपमध्ये शिरावेच लागणार नाही अशी पूर्ण पडद्याची मांडणी पहिल्याच दिवशी लावून घ्यावी. मुलांच्या बाबतीत चिंता वेगळी, ती जवळून पाहण्याने वाढणाऱ्या मायनस नंबरची. तिथे ऑपरेटिंग सिस्टिमचा उपयोग नाही. रोज दीड-दोन तास मोकळ्या उजेडात घालवण्याला पर्याय सापडलेला नाही.

अंगठ्याचे दुखणे तर जुनेच. १९९० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एका डॉक्टरने पाच तास सलग निन्टेन्डो खेळून अंगठ्याची शीर सुजवून घेतलेल्या महिलेची हकिगत छापली आणि दुखण्याला ‘निन्टेन्डिनायटिस’ असे गमतीचे नाव दिले. ती पस्तीस वर्षांची होती, हे सहसा कुणी सांगत नाही. आजच्या यंत्रांत वजनाची भर आहे. आरओजी ॲलाय ६०८ ग्रॅम, स्टीम डेक पहिल्या आवृत्तीत ६६९, लिजन गो दोन्ही मुठींसह ८५४ ग्रॅम. लोकलच्या बाकावर कोपराला टेकू नसतो, तेव्हा हा पाऊण किलोचा ऐवज मनगट आणि खांदाच तोलतात. बॅग मांडीवर उभी ठेवून तिच्यावर यंत्र टेकवले तरी भार बराच हलका होतो. अंगठा मुठीत घेऊन मनगट करंगळीकडे वाकवल्यावर अंगठ्याच्या मुळाशी कळ येत असेल, तर आठवडाभर खेळ बंद ठेवावा, आणि तरी राहिली नाही तर अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवावे.

गेमचे व्यसन हा शब्द मात्र जपून वापरायला हवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात ‘गेमिंग डिसऑर्डर’ आहे आणि ते वर्गीकरण जानेवारी २०२२ पासून लागू आहे. पण तिथली कसोटी तासांची नाही. खेळावर ताबा न राहणे, बाकी सगळ्या गोष्टींपेक्षा खेळ वरचढ होणे, आणि नुकसान दिसत असूनही खेळ चालूच राहणे, या तिन्ही गोष्टी हव्यात, अभ्यास-नोकरी-नात्यांवर ठळक परिणाम हवा, आणि हे साधारण बारा महिने टिकलेले हवे. सुट्टीत दिवसभर खेळणारे मूल यात बसत नाही. परीक्षा बुडवणारे, जेवण टाळणारे, यंत्र काढून घेतल्यावर हिंसक होणारे मूल बसू शकते. त्याला ऑपरेटिंग सिस्टिम बदलून बरे वाटणार नाही, मानसोपचारतज्ज्ञच लागेल. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक अशा घरांनी लिहून ठेवावा, तिथे मराठीतही बोलता येते.

मुलासाठी यंत्र घेणाऱ्यांना शेवटची गोष्ट व्यवहाराची. पालकांचे नियंत्रण दोन्हींकडे आहे, पण त्यांची कुंपणे वेगवेगळ्या जागी आहेत. स्टीमने सप्टेंबर २०२४ मध्ये ‘स्टीम फॅमिलीज’ आणले. त्यात मुलाने रोज किती वेळ आणि किती ते किती या वेळात खेळायचे, कोणते गेम दिसायचे, हे पालक आपल्या फोनवरून ठरवू शकतात. हे कुंपण स्टीमपुरतेच आहे. विंडोजवर त्याच मुलाने दुसऱ्या कंपनीच्या दुकानातून गेम उतरवला तर स्टीमला त्याचा पत्ता नसतो. स्टीमओएसवर अशी वाट कठीण आहे, बंद मात्र नाही, कारण तिच्यातही एक डेस्कटॉप दडलेला आहे. विंडोजचे ‘फॅमिली सेफ्टी’ संपूर्ण यंत्राला कुंपण घालते, पण एका अटीवर : मुलाचे मायक्रोसॉफ्ट खाते मुलाचे म्हणून, खऱ्या जन्मतारखेसह, पालकांच्या खात्याला जोडून उघडलेले असावे. घरोघरी होते ते उलटे. खोके उघडले जाते, यंत्रातले सगळ्यांत जास्त मुलालाच कळते, म्हणून तोच पहिला पडदा ओलांडतो, स्वतःची जन्मतारीख चार वर्षे मागे नेतो आणि यंत्राचा मालक होऊन बसतो. मग त्याच्यावर निर्बंध घालायचे तर त्याचीच परवानगी लागते. ती वेळ येऊ द्यायची नसेल तर त्या संध्याकाळी, खोके फोडण्याआधी, आईने किंवा बाबांनी आपला फोन घेऊन शेजारी बसावे. खाते जोडून, रात्रीची वेळ ठरवून व्हायला अर्धा तास पुरतो, आणि ती वेळ काय असावी यावरची घासाघीसही त्याच बैठकीत उरकते.